टेकचंदजीचा कोबा

आमच्या सौंदडचे टेकचंदजी कोणतीही वस्तू पहिले डोळ्यानं पाहत नाईत, बोटानं वाजवतात. मधलं बोट वाकडं करायचं, टक् टक् करायचं आन कान लावायचा. टरबूज तर सारेच वाजवतात. टेकचंदजी लोकायचं दार वाजवतात ते आत जायले नाई, लाकूड कोणतं लावलं ते समजायले. एका लग्नात त्यायनं नवरदेवाची पाठ वाजवली. नवरीचा बाप घाबरला. "काय निघालं, काकाजी?" टेकचंदजी म्हणे, "भरीव आहे. देऊन टाक पोरगी."

बाजारात त्यायचं भांड्याचं दुकान होतं. जन्मभर पितळेचे गंज आन काशाच्या थाळ्या वाजवून वाजवून विकल्या. गिऱ्हाइकानं भांड्याले हात लावला का हे म्हणत, "थांब, बोलते का पाहू." चिरलेलं भांडं खोटं बोलते, चांगलं भांडं खरं बोलते, असं त्यायचं म्हणणं. माणसाचंही तसंच, म्हणे.

माहं डोकसंही त्यायनं एकदा वाजवलं. कान लावला आन म्हणे, "खाली आहे, मंगरू, पुरं रिकामं. पण आवाज गोड आहे." मले ते तारीफ वाटली. घरी येऊन बायकोले सांगितली. ते पोट धरून हासली. आता मी शाळेत गेलोच नाई असं नाई. गेलो होतो. पाणी आलं म्हून आडोशाले गेलो होतो. पाणी थांबलं, मी घरी आलो.

माहं घर त्यायच्या घराले लागून. स्टेशनाजवळ माहा पानठेला आहे, पण त्याच्यात पान कमी आन मी जास्त राहतो. म्हून टेकचंदजीले कोणत्याही कामाले माणूस लागला का ते भिंतीवरून हाक मारत, "मंगरू, रिकामा आहेस का?" हे त्यायनं इचारायची गरज नव्हती.

तर हे कोब्याचं कसं सुरू झालं ते सांगतो. टेकचंदजीची बायको, आमची काकी, वारली, मंग दुकान बंद झालं. पोरगा राजू हैदराबादले नोकरीवर. मागच्या उन्हाळ्यात टेकचंदजी अंगणात चक्कर येऊन पडले. मी शेजारी, भिंतीच्या इकडे, मले मायती नाई. राजूले हैदराबादेत मायती झालं. त्यानं ठरवलं का बाबाले इथं एकटं ठेवायचं नाई. घर किरायानं द्यायचं आन बाबाले आपल्या फ्लॅटमंधी न्यायचं. बँकेत बदलून आलेले एक साहेब किरायदार म्हणून भेटले. साहेबाची गाडी नवीकोरी. राजूनं भांड्याच्या जुन्या गोदामाचं गॅरेज करून देलं, शटर बसवलं, खाली सिमेंट-गिट्टीचा कोबा टाकला. साहेबानं पाहिलं आन एकच गोष्ट सांगितली. "कोबा धूळ सोडतो आहे. याला पक्का कोट मारून द्या, मग मी येतो."

म्हंजे कोट लागला का साहेब घरात आन टेकचंदजी हैदराबादले. राजू निघताना म्हणे, "बाबा, कोट कोणता मारायचा ते तुम्ही ठरवा. तुमाला वस्तूची पारख आहे."

तिथंच पोट्टा चुकला.

राजूचा रोज सकाळी फोन येई. "बाबा, कोब्याचं झालं का?"

"पाहून राहिलो," टेकचंदजी म्हणत.

पहिले त्यायनं लाल ऑइलपेंट मारला. दिसायले असा का कुंकवाचं ताट. मले म्हणे, "मंगरू, चांगला वाळू दे, मंग तुही फटफटी आत आण. चाकानं निघते का पाहू." मी म्हटलं हो. पण मले वाळेपर्यंत दम कुठला? दुसऱ्याच दिवशी भर उन्हात फिरून आलो आन गरम चाकाची गाडी सरळ आत घातली. थोड्या वेळानं बाहेर काढली तं अर्धा पेंट चाकाले चिकटून माह्यासंगं आला. मी आपला निघालो कामाले. कामाले म्हंजे तिकडं, नाल्यापलीकडं, जिथं मी जात नाई असं बायकोले सांगतो तिथं. बायको संध्याकाळी बाहेर निघाली तं रस्त्यावर लाल पट्टा. ते पट्टा पाहत पाहत आली आन माह्या टेबलापाशी उभी राहिली. "अवो," म्हणे, "लक्ष्मीचे पाय घरात येतात. तुमचे कायले भट्टीत गेले?"

टेकचंदजी पेंट खरवडत म्हणे, "टिकत नाई, मंगरू." मले त्यायच्या तोंडावर दुःख दिसलं नाई. मले वाटलं, मोठा माणूस, दुःख दाखवत नसन.

मंग गोंदियाहून एक पेंटवाला आला. दोन डबे एकमेकांत मिसळून इपॉक्सी नावाचा कोट बनते, त्याचा नमुना कोपऱ्यात मारून देला. आरशासारखा चमके. म्हणे, "अंकल, शीशा है शीशा! एक बार मारो, जिंदगीभर देखना नहीं।"

टेकचंदजी म्हणे, "कोणाच्या जिंदगीभर? तुह्या का माह्या?"

मंग ते गुडघ्यावर बसले, टक् टक् केलं, कान लावला. "थांब, बोलते का पाहू... इथं पोकळ बोलते. काढ." पेंटवाल्यानं काढला. दुसऱ्या कोपऱ्यात मारला. "इथं खोटं बोलते." पेंटवाला मले बाजूले नेऊन म्हणे, "भैया, ये फर्श से बात करते हैं क्या?" मी म्हटलं, "माणसापेक्षा जास्त."

आन पाण्याची परीक्षा माह्यावर. बादलीभर पाणी कोटावर टाकायचं आन मी ओल्या चपलीनं चालायचं. मी म्हटलं, "काकाजी, मीच काऊन?" म्हणे, "तू पडला तं कोणाचं नुकसान नाई." मी चाललो आन पडलो. नव्या नमुन्यावर पुन्हा पडलो. मी असा पडत जाऊ का टोलीतले, म्हंजे आमच्या वस्तीतले, लोक दात घासता घासता पाहायले येऊ लागले. शटर वर झालं का गॅरेजात सभा भरे. टेकचंदजी गंजभर चहा मांडत. कोणी म्हणे टाइल्स टाका. कोणी म्हणे, टाइल्स गाडीखाली फुटतात, शेणानं सारवा, दर पोळ्याले नवीन. एक म्हातारा म्हणे काहीच नोका करू, धूळ उडते तं उडू द्या, आपण कोणते साहेब आहोत. टेकचंदजी सार्‍यायचं ऐकत, बोटानं कोबा वाजवत आन म्हणत, "उद्या पाहू."

पाणकाळा लागला. त्यायनं प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा चिकटपट्टीनं कोब्यावर चिकटवला. सकाळी पाहिलं तं पन्नीखाली घाम आलेला. "पाहा," म्हणे, "खालून ओल येऊन राहिली. ओलीवर कोणताच कोट बसत नाई. आता धान कापेपर्यंत नाव काढू नोका." आन हे बोलताना माणूस असा खुश का जसा नातू झाला. घरातली ओल पाहून हासणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बायकोले म्हटलं, बुढ्याले सायन्सची आवड आहे. बायको माह्या तोंडाकडे पाहतच राहिली.

धान कापले, पन्नीखालचा घाम सुकला. पेंटवाला पुन्हा आला, सारा कोबा घासून त्यानं पहिला कोट मारला. वाळल्यावर पाण्याची बादली आली, मी आलो. या बारीले असा पडलो का हासायलेही कोणी राहिलं नाई. कंबरेत कडकन् आवाज आला. मीच म्हटलं, "काकाजी, मी बोललो का कोबा बोलला?"

हाड मोडलं नाई, पण मी खाटेवर. रोज सकाळी टेकचंदजी टोरीच्या, म्हंजे मोहाच्या बियाच्या, तेलाची वाटी कोमट करून आणत आन स्वतः माही कंबर चोळत. मी म्हणो, "काकाजी, पाप लागते, मोठ्या माणसानं..." ते म्हणत, "चुप राय बे. पालथा हो." एवढंच. बाजारात कितीक गोष्टी सांगणारा माणूस, माह्या कंबरेवर एक शब्द बोलत नव्हता.

इकडे गॅरेजात लोक येऊन जात, पण पडायले मी नाई म्हून मजा नव्हती. एक दिवस खाटेवरून मान उंच करून भिंतीपलीकडे पाहिलं तं टेकचंदजी नदीची रेती बारीक चाळणीनं चाळून राहिले होते. पेंटवाल्यानं दुसरा कोट मारला, आन कोट ओला आहे तोवरच टेकचंदजीनं त्याच्यावर रेती फेकली, वावरात धान फेकतात तशी, मुठीमुठीनं, सारखी. वाळल्यावर कोबा खरबरीत झाला. पाणी टाका, तेल टाका, पाय हलत नाई. त्यायनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाजवून पाहिलं. कुठंच पोकळ नाई. मंग स्वतःच राजूले फोन लावला. "झाला कोबा. ये."

मी खाटेवरून ओरडलो, "वा काकाजी! सुटले बापा तुमी एकदाचे!"

तवा बायको चुलीपासून उठून आली. हातात फुकणी. म्हणे, "अवो, देवानं तुमाले डोकसं देलं का गाडगं देलं?"

"काऊन? काय झालं?"

"कोबा झाला का बुढा जाते. हे साऱ्या टोलीले मायती. म्हून तं तो कोबा होऊ देत नव्हता. आन आता काऊन होऊ देला? तुमी पडले म्हून. परीक्षा चालू राहिली का तुमी पुन्हा पडसाल, तुमची कंबर जाऊ नये म्हून त्यानं रेती टाकली. आता बसा टोरीचं तेल लावत."

मी पालथा पडलो होतो ते सरळ झालो. कंबर दुखली, पण ते कंबरच होती का काय ते समजलं नाई.

राजू आला, संगं बँकेचे साहेब. मी काठी टेकत टेकत गेलो. साहेबानं बूट घासून पाहिला, पाणी टाकून पाहिलं. "वा! असं काम गोंदियातही होत नाही," म्हणाले. राजू खुश. "बाबा, मग रविवारी निघू या ना? सामान जास्त नका घेऊ." टेकचंदजी शटरपाशी उभे. "हो," म्हणे. भांडं चिरलं का जसं वाजते तसं.

मले काही सुचलं नाई. मले आयुष्यात एकच काम येते. मी काठी भिंतीले टेकवली, मधात गेलो आन पडलो.

खोटं पडणं लय कठीण असते. जन्मभर फुकट पडलो, त्या दिवशी मेहनत करून पडलो. रेतीनं ढोपर सोललं. तरी ओरडलो, "साहेब! घसरते! लय घसरते! गाडी पण घसरन, तुमी पण घसरसाल!"

साहेब मांगं सरकले. राजू माह्याकडे धावला. "मंगरूभाऊ, लागलं का?"

टेकचंदजी हळूहळू आले. माह्या सोललेल्या ढोपराकडे पाहिलं. मंग साहेबाले म्हणे, "साहेब, कोबा घसरत नाई. हा नाटक करून राहिला."

मी डोळे मिटून घेतले. आता गेलं सारं.

"कोबा एक नंबर आहे," टेकचंदजी म्हणे. "मलेच जायचं नाई."

साहेबानं खिशातून फोन काढला आन कोणाचाच आला नव्हता तरी बोलत बोलत बाहेर निघून गेले. समजदार माणूस.

राजू म्हणे, "बाबा... मग इतके महिने सांगितलं काऊन नाही?" हैदराबादले गेल्यापासून पोट्ट्याच्या तोंडून 'काऊन' मी पहिल्यांदा ऐकलं.

"तू इचारलं कवा?" टेकचंदजी म्हणे. "तू रोज कोब्याचंच इचारलं."

राजू उभ्याचा खाली बसला. नव्या प्यांटीसकट, त्या खरबरीत कोब्यावर. लय वेळ नखानं रेती टोकरत राहिला. मंग म्हणे, "आता इचारतो. तिकडं काय होईल तुमाले? भीती काय वाटते?"

टेकचंदजी त्याच्यासमोर बसले. "तिथं," म्हणे, "सकाळी मी शटर वर केलं तं कोण येईन?"

"फ्लॅटले शटर नाही ना, बाबा."

"तेच म्हणून राहिलो."

राजू हासला. हासता हासता त्यानं डोळे पुसले. मंग त्यानं चक्कर आलेल्या दिवसाचं इचारलं, दवाईचं इचारलं, राती झोप येते का ते इचारलं, आन टेकचंदजी एकेक सांगत गेले. काकीचंही निघालं.

मी तिथंच पालथा पडून होतो. ढोपर चुरचुरे, कंबर ठणके, नाकात इपॉक्सीचा वास जाई. कोणाचं लक्ष नव्हतं. पण मी काही उठलो नाई. उठलो असतो तं ते दोघं बोलायचे थांबले असते.