ऋण चढ

बाथरूममध्ये एक नळ, एक बादली, दोन मग, आतल्या कोपऱ्यात पाणी जायची एक जाळी आणि दाराशी एक उंबरा होता. त्यातला उंबरा तेवढा नको होता. खुब्याच्या ऑपरेशनपासून आईचा पाय उचलला जात नव्हता. तेव्हापासून ती मुलीकडे, म्हणजे ताईकडे होती आणि घरी यायला आसुसली होती. म्हणून तिच्या मुलाने, म्हणजे सरांनी, उंबरा फोडून नवी फरशी घालायला काढली.

सर शाळेत गणित शिकवत. गवंड्याने उतार कुठे ठेवायचा एवढंच विचारलं, तर सरांनी आधी त्याचा शब्दच तपासला.

"उतार नाही हो म्हणायचं. चढ म्हणायचं. ऋण चढ."

"ऋण कुणावर, सर? तुमच्यावर की माझ्यावर?"

सर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने दोन अक्ष काढले. एक बिंदू आणि चढ कळला की अख्खी रेषा हातात येते, असं सांगून खाली समीकरण लिहिलं आणि त्याचा अर्थही फोड करून सांगितला: सुरुवातीच्या बिंदूपासून दर पन्नास सेंटिमीटरला एक सेंटिमीटर खाली. सुरुवातीचा बिंदू कुठला, असं गवंड्याने विचारलं. जिथून सुरुवात करतो तो, असं म्हणून सर शाळेत गेले.

सरांची सुरुवात दारात होती, गवंड्याची जाळीच्या कोपऱ्यात. ताज्या फरशीवर पाय पडू नये म्हणून तो नेहमी आतून सुरू करून मागे सरकत दाराशी यायचा. जाळीपाशी भर घालताना त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पण पुन्हा विचारावं तर पुन्हा भिंतीवर तास होईल, या धास्तीने तो गप्प बसला. दाराशी मात्र त्याने फरशी खोलीला अशी बेमालूम मिळवली की सरांनी त्याची पाठ थोपटली. समीकरण असताना पाणी ओतून बघायची गरज त्यांना वाटली नाही.

रविवारी आई आली. काठी टेकत, पाय न उचलता, सरळ अंघोळीला गेली. सर दाराबाहेर ताईला रेषेचं समीकरण समजावत होते, तेवढ्यात दाराखालून पाणी आलं, त्यांच्या पावलांवरून गेलं आणि आईच्या पलंगाखाली शिरलं. तिथे तिची बॅग होती.

"आली बघ तुझी रेषा," ताई म्हणाली.

निसरड्या फरशीवर पाऊल टाकताना आईने ताईचा हात घट्ट धरला, तो सोडलाच नाही. आठवड्याभरात सगळं उखडून नवं करतो, असं सर परत परत सांगत होते.

"कर रे सावकाश," आई ओल्या बॅगेकडे बघत म्हणाली. "मी आहे ताईकडे."

गाडी दिसेनाशी झाली तरी सर फाटकाशी उभे होते. 'जाळीकडे' एवढा एक शब्द सांगितला असता तरी भागलं असतं.

मग आत येऊन त्यांनी फरशीवर लेव्हल ठेवली, पट्टी लावली आणि चढ समीकरणाशी ताडून पाहिला.

दोन मीटरला चार सेंटिमीटर.