रुमालाखालचा पियानो

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला तोंड राहणार नाही. अमरावतीच्या कापूसबाजारात माझ्या बोटांना तोड नव्हती! हे मी म्हणत नाही, बाजार म्हणायचा. आणि बाजार विसरला, तर मी आठवण करून द्यायचो.

आमच्याकडं कापसाचा भाव कोणी तोंडानं बोलत नाही. मालाचा नमुना समोर ठेवायचा, घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात एका रुमालाखाली घालायचा, आणि आतल्या आत बोटं दाबायची. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. बाहेर चेहरे असे, की दोघं सुतकात आहेत. जुळलं की दलाल ‘पक्का’ म्हणतो, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो सौदा मोडत नाही. धरलेला हात भाव ठरेपर्यंत सोडायचा नाही आणि चारचौघांत बोटं उघडी नाचवायची नाहीत, याचं बाळकडूच आम्हा दलालांना मिळालेलं.

तिकडं अमेरिकेत गोरे आपसात लढत होते, त्यांचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, आणि इकडं आमच्या शेतकऱ्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढत होत्या. इंग्रज, जर्मन, ग्रीक, सगळे कापसाचा वास काढत अमरावतीला येऊन बसलेले. धंदा असा, की मला जेवायला फुरसत नव्हती. पण जेवायला वाढणारी तरी कुठं होती?

जमुना नागपंचमीला माहेरी गेली, बार्शीटाकळीला. दिवाळी उलटली तरी तिचा पत्ता नाही. आणायला गेलो तर सासरे जानराव ओसरीत आडवे. काळ्या जमिनीचे मालक, मिशा मोठ्या आणि दलालांवरचा राग त्याहून मोठा.

“जवाईबुवा,” ते म्हणाले, “फडक्याखाली हात घालून पोट भरता तुमी. चार लोकायच्या पुढं, उघड्या हातानं काई करून दाखवा. मंग पोरगी धाडतो.”

मी हात हलवत परतलो. वेशीपाशी त्यांच्या गाडीवानानं हळूच जमुनेचा निरोप दिला: “मी कव्हाची तयार आहो, बाबाच आडवे बसून राहिले.” तो ऐकला आणि मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू!

अशात बद्रुद्दीन भेटला. हा माझा जिवलग, बिंगलसाहेबाचा मुन्शी. बिंगलसाहेब म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा खरेदीदार. त्यानं भाव फोडला, म्हणजे हंगामातला पहिला सौदा केला, की बाकीचे गोरे त्याच्या मागं. पण त्या हंगामात तो मौन धरून बसला होता, आणि सगळा बाजार त्याच्या बोटांकडं डोळे लावून. बद्रुद्दीननं बातमी आणली ती भलतीच. साहेबानं मडमेसाठी मुंबईहून पियानो आणला होता, आणि नाताळात त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती! मडम इंग्लंडकडून, एक जर्मन कारकून, एक ग्रीक व्यापारी. साहेबाला अजून एक देश हवा होता.

“बोटांचंच काम हाय ना?” मी विचारलं.

“निस्तं बोटायचंच.”

“मग वऱ्हाडाकडून माझं नाव घाल.”

उघड्या हातानं, चार लोकांत, आणि तेही सात समुद्रांपारच्या लोकांच्या नाकावर टिच्चून! जानरावांना मी त्याच दिवशी सांगावा धाडला. त्यांनी उलट निरोप पाठवला, की कापसाच्या गाड्या घेऊन येतोच आहे, येताना तमाशा पाहून घेईन.

आता पियानो शिकणं आलं. नमुने दाखवायच्या निमित्तानं मी साहेबाच्या व्हरांड्यात रोज ताटकळत बसू लागलो आणि आत मडम वाजवायची तेव्हा तिची बोटं पाठ करू लागलो. आम्हाला बोटं पाठ करायला शिकवावं लागत नाही. कोणतं बोट, कुठं, किती वेळ, सगळं डोक्यात उतरलं. बद्रुद्दीननं पियानोच्या मापाची फळी आणून दिली, तिच्यावर मी चुन्यानं आणि कोळशानं पट्ट्या आखल्या आणि घरी दार लावून सराव केला. फळी आवाज करत नाही. त्यामुळं माझं वाजवणं मला फारच गोड वाटायचं.

स्पर्धेच्या दिवशी बंगल्यापुढं मांडव पडला. सगळा कापूसबाजार लोटला होता. गाण्याचं कोणाला पडलेलं नव्हतं. साहेब खुशीत येऊन भाव फोडील, या आशेनं सगळे दलाल पुढच्या रांगांत, मधोमध आमचे वडीलधारे खुशालराव. जानराव मिशांना पीळ देत पहिल्याच बाकावर. गाड्या त्यांनी फाटकाबाहेरच सोडल्या होत्या.

मडम वाजवून उठली. जर्मनानं वाजवलं. ग्रीकानं वाजवताना डोळे मिटले, तेव्हा आमच्यापैकीही बऱ्याच जणांनी मिटले. मग बद्रुद्दीननं पुकारलं, “वऱ्हाड मुलुख, चंद्रभान दलाल!”

मी ऐटीत जाऊन बसलो. हात उचलले. आणि सहज मान वळवून पाहिलं, तर बाजारातले झाडून सगळे दलाल माझ्या बोटांकडं टक लावून बघताहेत! उघड्या बोटांकडं! न्हाणीघराचं दार वाऱ्यानं उघडावं तसं मला झालं. एकीकडं जानराव, एकीकडं सारा धंदा. बोटं काही केल्या खाली येईनात. शेवटी मी खांद्यावरचा शेला काढला, दोन्ही हातांवर पसरला, आणि मगच पहिली पट्टी दाबली.

पियानो वाजला! मी बसल्या जागी टुणकन उडालो. तो वाजतो हे मला ठाऊक होतं, पण महिनाभर फळीवर हात बसला होता, त्यामुळं ते ध्यानातून पार गेलं होतं. पुढं मी पाठ केलं होतं ते सगळं वाजवलं, एक बोट सोडलं नाही. शेल्याखाली दिसत नसल्यामुळं सुरुवात मात्र जरा बाजूच्या पट्टीवरून झाली असावी, कारण ऐकताना कोणी उतरंड ढकलून दिल्यासारखं वाटत होतं. जानरावांनी कपाळावर हात मारला.

परीक्षक होता बिंगलसाहेब. हात कसे ठेवलेत याला गुण होते, आणि हात तर शेल्याखाली. शेला काढ, असं त्यानं बद्रुद्दीनकरवी सांगितलं. मी वाजवता वाजवता मान हलवली. तेव्हा साहेब उठला, वाकला, आणि माझं मनगट खाली पडलंय का ते चाचपायला त्यानं शेल्याखाली हात घातला.

पुढच्या रांगांतले दलाल माना उंचावून उभे राहिले.

साहेबानं माझी दोन बोटं धरली. मग तीन. आता मला सांगा, बोटांना काय कळतं? ती सवयीची गुलाम! डावा हात पियानोवरून आपोआप खाली आला, आणि उजव्यानं साहेबाचा हात धरून तिनावर चार दाबली. साहेब दचकला. हात ओढू लागला. पण भाव ठरेपर्यंत मी हात सोडतो होय! तो ओढतोय, मी धरतोय, तो लाल झालाय. सरतेशेवटी त्यानं जिवाच्या आकांतानं माझा सगळा पंजा आवळला. पाच!

“पक्का!” माझ्या तोंडून गेलंच.

“मंजूर!” पहिल्या बाकावरून जानराव उठले. “माह्यासाठीच केला सौदा. जवाई हाय तो माहा!”

मांडव टाळ्यांनी दणाणला. भाव फुटला होता! साहेबाला वाटलं, टाळ्या संगीताला आहेत. त्यानं कमरेत वाकून मुजरा केला. मडमेनं रुमालानं डोळे टिपले, आणि मी आनंदानं जानरावांच्या पाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पाठीवर थोपटलं. जमुना आलीच म्हणून समजा!

चांदीचा पेला मडमेला द्यायचा समारंभ चालू होता, तेवढ्यात जानरावांच्या कापसाच्या गाड्या आत शिरल्या. बैलांनी साहेबाची विलायती फुलं खायला घेतली. साहेबानं विचारलं, हे काय? बद्रुद्दीननं भीत भीत समजावलं. साहेब ओरडला, मी कापूस घेतलाच नाही, मी मनगट तपासत होतो! जानराव त्याहून मोठ्यानं म्हणाले, की हात फडक्याखाली गेला तो साऱ्या गावानं पाहिला, झालेला सौदा फिरवता येत नाही, साहेब असो की साहेबाचा बाप. हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की फाटकाबाहेरच्या भिकाऱ्यालाही पाठ झालं असेल.

अखेर खुशालरावांना पंच नेमलं. म्हातारा शांतपणे पान चघळत उभा राहिला.

“फडकं होतं?” होतं. “हात आत होते?” होते. “पक्का म्हणला?” म्हणला. “मंग सौदा झाला. कोनाच्या बापाले मोडता येत नाई.” जानरावांनी मिशांना पीळ दिला. “आता सांगा, समोर माल कोनता होता?”

कापसाचा नमुना कोणीच ठेवला नव्हता. शेला पसरला होता तो पियानोवर.

“प्यानोचा सौदा झाला,” खुशालराव म्हणाले. “इकनार साहेब. घेनार जानराव, मंजूर त्यायनंच म्हटलं. भाव पाच, म्हंजे पाच बोजे कापूस.”

बद्रुद्दीननं हे साहेबाच्या कानात सांगितलं. साहेबाचा चेहरा असा उजळला, की विचारू नका! आमच्या कोरड्या हवेनं पियानोचं लाकूड तडकलं होतं आणि मडम नव्या पियानोसाठी रोज त्याचा जीव खात होती. त्यानं खुशालरावांचा हात हातात घेतला, उघडाच, आणि जानरावांना बोलायला सवड मिळायच्या आत गड्यांना हाका मारल्या. पाच बोजे उतरले, पियानो चढला. झालेला सौदा फिरवता येत नाही हे जानरावांनीच साऱ्या गावाला शिकवलं होतं. ते माझ्याकडं न बघता गाडीत बसले. मी स्पर्धेत कितवा आलो ते विचारायचंही राहून गेलं. नंतर कळलं, चार जणांत चौथा.

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. जमुना आता जन्मात येत नाही, हे मी धरूनच चाललो होतो. दार लावून बसायचो. फळी चुलीत घातली.

आणि एका दुपारी दारात गाडी वाजली. बाहेर येऊन बघतो तो गाडीत पियानो, आणि पियानोवर पाय सोडून बसलेली जमुना! गाडीवानानं जानरावांचा निरोप सांगितला. बाजा वाजला की बैल दावं तोडतात, पाहुणे बघायला येतात ते हलत नाहीत, म्हशीनं दूध चोरलं. तेव्हा पोरगी आणि तिचं आंदण, दोन्ही एकदमच तुमचं. एक ठेवून दुसरं परत करायचं नाही.

मी धावत पुढं झालो. “बरी आहेस ना?” एवढंच निघालं.

जमुना खाली उतरली. गडी पियानो उतरवत होते तिकडं तिनं एकदा पाहिलं, मग माझ्या हातावर पदर टाकला आणि खालून माझं एक बोट दाबलं. अमरावतीच्या बाजारात ज्याच्या बोटांना तोड नव्हती, त्या मला ते वाचता येईना!

“म्हणजे काय गं?”

“एक अट,” ती म्हणाली. “हा बाजा घरात एक डावही वाजला नाई पायजे.”

मी थोडी घासाघीस करून पाहिली. निदान सणासुदीला तरी, म्हणून तिची दोन बोटं दाबली. तिनं माझा सगळा पंजा असा आवळला, की डोळ्यांत पाणी आलं.

“पक्का,” मी म्हणालो.