विहाराच्या अभ्यासिकेत गिगाबिट

जुनवानीत नेट कसं टाकावं हे विचारायचं असेल तर मला विचारा, असं मी ज्या आठवड्यात सगळ्यांना सांगत फिरत होतो, त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन, राहतो तिथल्याच जुनवानीत. आमच्या बुद्धविहारामागे अभ्यासिका झाली, कॉम्प्युटर आले, पण नेट नव्हतं. ते होतं आमच्या घरी. मी कमिटीला म्हटलं, काळजी सोडा. तांब्याची वायर शंभर मीटरच्या पुढे दम टाकते आणि विहार त्याहून लांब. म्हणून मधल्या अंतराला फायबर, दोन्ही टोकांना एकेक गिगाबिट स्विच आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत तांबं. कमिटीनं मान डोलावली. फक्त आमच्या ममतानं विचारलं, भिंतीवर एवढे स्विच असताना आणखी कशाला. हा स्विच म्हणजे नेटचा चौक, इथून सगळ्यांकडे रस्ते फुटतात, असं मी बायकोला मोठ्या धीरानं समजावलं.

धाकट्या भावाची मुलगी संघमित्रा हिनं नेटवर्किंगचाच डिप्लोमा केलेला. नेटच्या उद्घाटनाच्या दिवशीच दुपारी तिचा रसमड्याच्या एका कारखान्याशी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. ती सायबर कॅफेत जाणार होती. मी अडवलं.

"घरचं गिगाबिट असताना तिकडं कावून जाऊन राहिली?"

मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकाचा, शब्द म्हणून बिचारी थांबली.

उद्घाटनाच्या सकाळी सगळं सुरळीत चालत होतं. पाहुणे यायच्या आधी मी ममताला बजावलं, एकही वायर लोंबकळताना दिसली नाही पाहिजे. आणि हार आणायला गेलो.

परत आलो तर स्विचचे सगळे दिवे एकदम, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. लग्नाच्या मांडवाला अशी रोषणाई नसते. कमिटीचे भय्याजी कौतुकानं बघत राहिले. मी छाती फुगवून सांगितलं, "पाहा, कसं पळून राहिलं नेट." टाळ्या पडल्या.

मग संघमित्रानं कॉम्प्युटर लावला. एकही पान उघडेना. इंटरव्ह्यू तासाभरावर आलेला, आणि विहारामागे मोबाइलला धड टॉवर मिळत नाही.

दोष फायबरचाच, असा मी निकाल देऊन टाकला. आतली काच दाबली गेली असणार. लाइनच्या मागोमाग पळत विहाराला लागून राहणाऱ्या पंचफुलाबाईंच्या अंगणात पोचलो, तर माझ्या फायबरवर त्यांच्या चार ओल्या साड्या वाळत होत्या. चोर सापडल्याच्या आनंदात मी त्या ओढल्या. साड्या मातीत गेल्या आणि नेमक्या तेव्हाच पंचफुलाबाई दारात आल्या. त्या पुढे काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की वायर त्यांच्या अंगणातून नेताना मी त्यांना विचारलं नव्हतं, हा मुद्दा बरोबर होता.

मान खाली घालून परत आलो. संघमित्रा टेबलाखाली बसून स्विचमधल्या वायरी एकेक करून उपटत होती. एक काळी वायर निघाली आणि दिवे शांत झाले. तिनं ती वायर बोटानं चाचपत नेली. टेबलाला वळसा घालून तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये शिरलं होतं. नेट जिथून निघत होतं तिथंच परत येऊन स्वतःलाच धडका देत होतं, आणि सगळा चौक तुंबला होता.

"हे कोणं लावलं?" मी गरजलो.

"मी," ममता शांतपणे म्हणाली. "तुमीच त म्हणलं, लोंबकळून नाही राहिली पाहिजे. जागा रिकामी दिसली, खोसली."

नेट सुरू झालं, इंटरव्ह्यू वेळेवर लागला आणि सगळ्यांनी मला बाहेर बसवलं. मी पंचफुलाबाईंच्या नळावर त्यांच्या साड्या धूत बसलो. तिथं अभ्यासिकेच्या खिडकीतून ऐकू आलं. कारखान्याचे साहेब विचारत होते, अलीकडे कुठला फॉल्ट शोधलाय का. संघमित्रा म्हणाली, हो सर, आत्ताच. आणि तिनं दिव्यांपासून साड्यांपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

नोकरी लागली. आता रसमड्याच्या त्या कारखान्यात नवीन आलेल्यांना हाच किस्सा सांगून शिकवतात म्हणे. पोरगी गुणी आहे, माझं नाव कुठंच घेत नाही. नुसतं "आमचे मोठेबाबा" म्हणते.

तिला मोठेबाबा एकच आहे.