अवलंबून : तीन

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लेखाशास्त्राचे विद्यार्थी लोकांचे कराचे अर्ज फुकट भरून देत होते. पुस्तकातलं हातानं शिकावं, ही सरांची हौस. बारा अर्ज बिनचूक भरले की पास. तंद्रीचे अकरा झाले होते. वर्गात तिला सगळे तंद्रीच म्हणत, कारण आकडा लिहिता लिहिता तिचा जीव खिडकीबाहेर निघून जाई. आज तर दुपारचं ऊनही टेबलावर पेंगत होतं, आणि बाराव्या अर्जाचे आजोबा अंगाई म्हणावी तसे बोलत होते.

"तुमच्यावर अवलंबून कोण कोण आहे, आजोबा?"

"तीन आहेत. ही गेली, तेव्हापासून मलाच बघावं लागतं."

"केवढी आहेत?"

"थोरलं चाळीस वर्षांचं. चालतं अजून, पण हळूहळू. मधलं दर तासाला ओरडतं. धाकटं सारखं मागे पडतं."

"अभ्यासात?"

आजोबांना जरा कमी ऐकू येत होतं. "हो, पावसाळ्यात जास्तच."

तंद्रीला भरून आलं. चाळीस वर्षांचं लेकरू! तिला ते घर दिसायलाच लागलं : तीन खाटा, आणि मधे तेलाची वाटी घेऊन बसलेले आजोबा.

"तेल लावता का त्यांना?"

"महिन्यातून एकदा. थेंबभर पुरतं."

तिनं रकान्यात तीन लिहिलं आणि 'अपंग' या शब्दापुढे तीन ठसठशीत खुणा केल्या.

सरांनी अर्ज पाहिला. "आजोबा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र?"

"नाही हो. गॅरंटी कार्ड होतं, त्याचीही मुदत संपली."

"कसलं गॅरंटी कार्ड?"

"घड्याळांचं. भिंतीवरच्या."

खोलीत हशा पिकला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तंद्रीला झालं.

"खोडा, शून्य लिहा," सर म्हणाले. "यांनी सही केली तर अर्ज धरीन. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

तिनं शून्य लिहिलं. आजोबांनी सहीसाठी पेन घेतलं, त्या शून्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी नाही सही करणार. माझ्यावर कोणीच अवलंबून नाही, हे मीच लिहून देऊ?"

तंद्रीचा धीर सुटला. "आजोबा, असं नका ना करू! माझं पास होणं तुमच्यावर अवलंबून आहे!"

"काय म्हणालीस?"

तिनं कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. आजोबा सरांकडे वळले.

"ऐकलंत? एक लिहा."

"तसं नाही लिहिता येत, आजोबा."

"बरं, राहू दे." आजोबांनी पेन उचललं. "पोरी, मी सही करतो तोवर तू ते 'तुमच्यावर अवलंबून आहे' म्हणत राहा."

आजोबांची सही चांगली लांबलचक होती.