गढूळ पाण्याचं श्रेय

वनस्पतिशास्त्र विभागातलं बेसिन तुंबलं, आणि सावकाश एका सकाळीत प्रसिद्ध झाला.

सावकाश हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हतं. तो जेवायचा सावकाश, चालायचा सावकाश, आणि "चहाला येतोस का?" या प्रश्नाचं उत्तर त्याला सुचेपर्यंत विचारणारा चहा पिऊन परत आलेला असायचा. कॉलेजात पहिल्याच वर्षी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि तो पीएच.डी.ला आला तरी ते त्याला चिकटून होतं. त्याचा प्रबंध रोपांना लागणाऱ्या पाण्यावर होता. विभागाच्या वरच्या मजल्यावर, उन्हाच्या बाजूच्या खोलीत त्याच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. दोन वर्षं त्यानं त्यांना जपलं होतं. घरी आई म्हणायची, "माझ्याशी दोन शब्द बोलत नाही, आणि त्या रोपांशी गप्पा मारतो."

त्या सकाळी त्यानं कुंड्यांखालच्या ताटल्या धुतल्या. बादलीभर चिखलाचं पाणी जमलं. बेसिन तुंबलेलं, म्हणून त्यानं बादली उचलली आणि मागच्या खिडकीतून रिकामी केली. खाली नुसती झुडपं असायची. त्या बाजूला सहसा कुणी फिरकत नसे.

नेमके त्याच दिवशी अधिष्ठाता तिथून चालले होते, कारण पुढच्या दारात मोर्चा होता. मोर्चा कसला, दोन मोर्चे होते. अधिष्ठात्यांनी आदल्या आठवड्यात आवारात कर्णे लावायला बंदी केली होती आणि ती मोडल्याबद्दल ‘ठिणगी’ गटावर कारवाई केली होती. ठिणगीवाल्यांचं म्हणणं, कारवाई मागे घ्या. त्यांच्या विरोधातल्या ‘पहाट’ गटाचं म्हणणं, कारवाई फार सौम्य आहे, आणखी कडक करा. दोघंही हे कर्ण्यांवरूनच सांगत होते. म्हणून अधिष्ठाता गुपचूप मागच्या दारानं निघाले. हे दोन्ही गटांना एकाच वेळी कळलं, आणि घेराव घालायला दोन्हीकडून पोरं धावत मागे आली. ती पोचायला आणि बादली रिकामी व्हायला एकच गाठ पडली.

अधिष्ठाता भिजले असते तर एवढं बिघडलं नसतं. पण पाण्याबरोबर त्यांचा कलपही उतरला. कानशिलांवरून काळे ओघळ निघाले, पांढऱ्या शर्टावर आले आणि खिशाशी थांबले. सर केस काळे करतात ही गोष्ट आजवर फक्त त्यांच्या न्हाव्याला ठाऊक होती.

"कोण आहे वर?" अधिष्ठाता ओरडले.

खिडकीत सावकाशचं डोकं दिसलं. तोंड उघडं, पण शब्द अजून वाटेत होते. खालची पोरं मात्र ओळखून एका सुरात ओरडली, "सावकाश! सावकाश!"

चिखलात पाय घसरत असलेल्या अधिष्ठात्यांना वाटलं, मुलांना आपली काळजी आहे. "ठीक आहे, ठीक आहे," ते म्हणाले, "सावकाशच चालतोय." यावर एवढा हशा उसळला की शिक्षा जागच्या जागी ठरली. चौकशी होईपर्यंत सावकाश निलंबित. विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

"सर, पण माझी रोपं..." सावकाश म्हणाला. त्याचं वाक्य पूर्ण झालं तेव्हा तो दरवाजाबाहेर उभा होता आणि रखवालदार आतून कडी लावत होता.

इकडे दोन्ही गटांनी तातडीनं निवेदनं काढली. ठिणगीचा पुढारी सगळ्यांचा ‘दादा’ होता. विद्यापीठात तो इतकी वर्षं शिकत होता की त्याच्याबरोबरचे दोघं आता त्यालाच शिकवायला होते. दादानं जाहीर केलं, "हा भ्याड हल्ला पहाट गटाचा आहे!" पहाटच्या पुढारी होत्या ‘ताई’. बोलताना तर्जनी अशी उगारायच्या की पहिल्या रांगेतले लोक मान बाजूला घ्यायचे. त्यांनी जाहीर केलं, "यामागे ठिणगीचाच हात आहे!"

पण दुपारपर्यंत सगळ्या आवारात एकच विषय झाला. वसतिगृहात, कँटीनमध्ये, वाचनालयात सुद्धा, जिथे तो निघाला तिथे पोरं पोट धरून हसत होती. ज्यांच्यासमोर बोलायला भले भले चाचरायचे, त्या अधिष्ठात्यांना सावकाशनं एका बादलीत धुतलं होतं. मुली विचारू लागल्या, "हा सावकाश कोण गं? दिसतो कसा?" निवडणूक तोंडावर आलेली. संध्याकाळच्या आत नवी निवेदनं निघाली. ठिणगीचं होतं, ‘आमच्या लढवय्या कार्यकर्त्यावरचं निलंबन मागे घ्या.’ पहाटचंही शब्दन् शब्द तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दरवाजाच्या एका अंगाला ठिणगीचा मांडव पडला, दुसऱ्या अंगाला पहाटचा. दोन्हीकडे साखळी उपोषण. सावकाश बिचारा रखवालदाराच्या विनवण्या करायला आला होता. त्याला डाव्या हाताला दादानं धरलं आणि उजव्या हाताला ताईंनी.

"आमचा माणूस आहे हा," दादा म्हणाला.

"तुमचा? याचं पूर्ण नाव सांगा बघू," ताई म्हणाल्या.

दादानं आपल्या मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगा."

ताईंनीही आपल्या मांडवाकडे पाहिलं, पण नाव तिथेही कुणाला ठाऊक नव्हतं. दोघांनी सावकाशकडे पाहिलं. सावकाश नाव सांगण्याच्या तयारीत होता, पण तेवढा धीर कुणाला होता! शेवटी तोड निघाली. जेवणाच्या वेळेपर्यंत तो ठिणगीच्या मांडवात बसेल, त्यानंतर पहाटच्या.

"मला फक्त रोपांना पाणी घालायचंय हो," सावकाश म्हणाला. "मार्गदर्शक बाई परगावी गेल्यात. तिथे बघणारं कुणी नाही."

"मित्रांनो!" दादानं लगेच कर्णा उचलला. "हा लढवय्या काय म्हणतोय ऐका! आपली पिढी म्हणजेच ती रोपं!"

"आणि पाणी म्हणजे न्याय!" ताई पलीकडून ओरडल्या.

सावकाश म्हणाला, "नाही, नाही. पाणी म्हणजे पाणीच." पण टाळ्यांत ते वाहून गेलं.

घोषणा काय द्यायची यावरही चढाओढ झाली. पहाटनं फळा रंगवून रस्त्याच्या कडेला उभा केला, ‘सावकाश, पुढे चला!’ ठिणगीनं त्याहून मोठा फळा पलीकडे उभा केला, ‘सावकाश, आम्ही सोबत आहोत!’ रस्त्यानं येणाऱ्या गाड्या हे फळे वाचून मुंगीच्या पावलांनी चालू लागल्या. काहीजण पुढे काय खड्डा आहे ते बघायला खाली उतरले. दुपारपर्यंत रस्ता पार चौकापर्यंत तुंबला. वाहतूक पोलीस आला, त्यानंही फळे वाचले, आणि ज्यानं कुणी सूचना लिहिली त्याचं कौतुक करून तो तिथेच हात दाखवत उभा राहिला.

त्या गर्दीतून वाट काढत सावकाशची आई आली. हातात डबा.

"उपोषणाला बसलायस म्हणे? आमच्या घरात आजारी माणूस सुद्धा जेवण सोडत नाही, आणि तू धडधाकट असताना?"

"मी नाही गं बसलो. बसवलंय."

"काकू," दादा हात जोडून पुढे आला, "तुमच्या मुलानं क्रांती केलीय."

"क्रांती? यानं?" आईनं लेकाकडे नीट पाहिलं. "याला अंघोळीला पाठवायला मला चार हाका माराव्या लागतात. हा कुणावर पाणी टाकणार? हातातून सांडलं असेल. तोंड उघड रे." आणि तिनं डब्याचं झाकण काढून त्याला पहिला घास भरवला.

वास दोन्ही मांडवांत शिरला. सकाळपासून उपाशी असलेल्या क्रांतिकारकांच्या माना एकदम वळल्या. आईला ते बघवेना. "या रे सगळे, थोडं थोडं घ्या," ती म्हणाली. ठिणगीतले दोघं उठले, ते पाहून पहाटच्या तिघी उठल्या, आणि दादा-ताई एकमेकांकडे खुनशीपणे बघत असताना दोन्ही उपोषणं एका डब्यावर सुटली. वर्तमानपत्रवाला छायाचित्र काढून गेला.

या फजितीनंतर दोन्ही गटांना काहीतरी भरीव करून दाखवणं भाग होतं. ती संधी चौकशीत मिळाली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सावकाशच्या घरी आधी दादा आला. "हे बघ, उद्या ‘चुकून पडलं’ असं चुकूनही बोलू नकोस. चुकून पडलं तर आंदोलन कशाचं? म्हणायचं, जाणूनबुजून ओतलं, आणि दादांच्या सांगण्यावरून ओतलं."

"पण तसं बोललो तर मला काढून टाकतील."

"टाकू देत! मग आपण विद्यापीठ बंद पाडू!"

दादा जिना उतरत होता तेव्हा ताई चढत होत्या. त्यांनीही हेच सांगितलं, फक्त दादाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. रात्रभर सावकाशच्या डोळ्यांसमोर माना टाकलेली रोपं येत राहिली. त्याला यातलं काहीच नको होतं. त्याला तुंबलेलं बेसिन सुद्धा माफ होतं.

चौकशी समितीच्या प्रमुख होत्या गणिताच्या वयस्कर बाई. चष्म्यावरून बघायच्या आणि मोजून बोलायच्या. शेजारी अधिष्ठाता बसले होते. त्यांचे केस आता पांढरेशुभ्र होते. कलप लावायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरे दिसत होते. साक्षीदार म्हणून एका बाकावर दादा आणि ताई, मध्ये जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवून.

"सांग बाळ," गणिताच्या बाई सावकाशला म्हणाल्या, "पाणी मुद्दाम टाकलंस का?"

सावकाशनं श्वास घेतला. "बाई... ते असं झालं... की बेसिन..."

इतकी उसंत दादाला पुरेशी होती. तो ताडकन उभा राहिला. "बाई, तो घाबरलाय. मी सांगतो. पाणी ठिणगीच्या आदेशावरून ओतलं गेलं!"

"साफ खोटं!" ताई उठल्या. "आदेश पहाटचा होता!"

"अहो, बादली कुठली होती हे तरी माहीत आहे का तुम्हाला? बादली आमची!"

"बादली तुमची असेल, चिखल आमचा! आमच्या कार्यकर्त्यांनी कालवलेला!"

"सर कुठून येणार ही बातमी मी दिली!"

"सरांना मागच्या दारानं जायला भाग पाडलं ते आम्ही! पुढच्या दारात आम्हीच होतो!"

अधिष्ठाता सरसावून बसले. गणिताच्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "म्हणजे पाणी तुमच्या सांगण्यावरून पडलं?" त्यांनी दादाला विचारलं.

"अभिमानानं सांगतो, हो!"

"आणि तुमच्याही सांगण्यावरून पडलं?"

"दुप्पट अभिमानानं, हो!" ताई म्हणाल्या.

"दोन्ही खरं मानायला माझी हरकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोघांनी स्वतःहून कबुली दिलीय. दोघांनाही या सत्रापुरतं निलंबित करावं असं माझं मत आहे. हा मुलगा बिचारा दोघांच्या कात्रीत सापडलेला दिसतोय. तू जा बाळ, अभ्यासाला लाग."

दादा आणि ताई हळूच खाली बसले, आणि नकळत जवळजवळ बसले.

"...तुंबलं होतं," सावकाश म्हणाला. पण त्याचं वाक्य ऐकायची आता कुणालाच गरज उरली नव्हती.

तो बाहेर पडला आणि धावला. पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. पायऱ्या चढून, धापा टाकत त्यानं वरच्या मजल्यावरच्या खोलीचं दार ढकललं. मेलेली रोपं बघायची त्यानं मनाची तयारी केली होती. आणि बघतो तो काय, खोलीभर हिरवंगार! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत टवटवीत पानं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. समितीची खोली सोडून अधिष्ठाताही वर आले होते. त्यांनी कोपऱ्यातली झारी अशी सहज उचलली, जणू ती कुठे ठेवलेली असते हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

"घटनास्थळ बघायला आलो होतो त्या दिवशी," ते जरा लाजत म्हणाले. "पाहिलं तर रोपं तहानलेली. शिक्षा तुला दिली होती, त्यांना नाही. मी मूळचा वनस्पतिशास्त्राचाच रे. या कामकाजात अडकलो आणि मातीला हात लावायचं राहूनच गेलं. रोज सकाळी येत होतो." मग त्यांचा चेहरा फुलला. "आणि ती मागची ओळ बघ! पार वाळायला टेकली होती. तिला दोन वेळा घातलं मी. वाचवली!"

सावकाशनं मागच्या ओळीकडे पाहिलं. मग अधिष्ठात्यांच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं. गप्प बसावं असं त्याला फार वाटलं. पण रोपांच्या बाबतीत खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "ती वाळायलाच ठेवली होती."

"काय?"

"पाण्याशिवाय किती तग धरतात, तेच तर बघायचं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून..."

अधिष्ठाता स्टुलावर बसले. मग दार बंद आहे ना, हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बाहेर कुणाला सांगू नकोस. त्या दोन गटांना तर मुळीच नाही."

"नाही सांगणार."

"आणि पुन्हा मांडायला जी काय मेहनत लागेल, ती मी करीन."

ते शब्दाला जागले. नव्या कुंड्या भरताना बाह्या सरसावून त्यांनी माती कालवली, बिया लावल्या, आणि रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी ते हजर होऊ लागले. सावकाश सांगेल तेवढंच पाणी, सांगेल त्याच कुंडीला. "सर, हात आखडता घ्या," तो बजावायचा. "सर, मागच्या ओळीकडे बघायचं सुद्धा नाही."

एके दिवशी अधिष्ठात्यांना यायला उशीर झाला. सावकाश झारी भरून वाट बघत उभा होता.

"अरे, दरवाजातच अडकलो," ते धापा टाकत म्हणाले. "ती दोघं आता एकाच मांडवात बसतात, आपल्या निलंबनाविरुद्ध. पण पहिला आदेश नेमका कुणी दिला यावर अजून भांडताहेत. मला मध्ये घेऊन निवाडा करायला सांगत होते."

सावकाशनं सवडीनं विचार केला. उन्हं खिडकीतून कुंड्यांवर आली होती.

"असेल सर," तो शेवटी म्हणाला, "पण रोपांना कारणं कळत नाहीत. उद्यापासून वेळेवर यायचं."

"हो," विद्यापीठाचे अधिष्ठाता मान खाली घालून म्हणाले, आणि त्यांनी झारीसाठी हात पुढे केला.