गिरासे सर आणि बुजवलेली जमीन

गिरासे सरांना राग आला की ते आधी चष्मा काढतात आणि शेजारी जो कोणी असेल त्याच्या हातात देतात. मग ओरडतात. रागाच्या हातवाऱ्यांत बरेच चष्मे उडून फुटले, तेव्हापासूनची ही सोय. शहाद्याला त्यांची माती तपासायची लहानशी प्रयोगशाळा आहे. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा अब्बांनी घरी विचारलं, "काम क्या करना पडता है, शबाना?" मी म्हटलं, "माती तपासायची आणि सरांचा चष्मा धरायचा."

रागाला कारण कुठलंही चालतं. न विचारता चहात टाकलेली वेलची चालते. 'जरा ॲडजस्ट करा' म्हणणारा माणूस तर फारच चालतो. एकदा पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसली. सरांनी मोटरसायकल आडवी घातली, रसवंतीवाल्याच्या हातात चष्मा कोंबला आणि ट्रॅक्टरवाल्याला धू धू धुतलं. मग चष्मा तिथेच विसरून आले आणि त्याबद्दल मला रागावले. प्रमाण मराठी सर फक्त रिपोर्टात लिहितात. राग त्यांना अहिराणीतच येतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांचा खरा राग मी पाहिला.

तालुक्यातल्या एका गावाबाहेर कचऱ्यावर प्रक्रिया करायचा प्रकल्प व्हायचा होता. पाया घालण्याआधी जमीन तपासायचं काम आमच्याकडे आलं. नकाशावर लिहिलं होतं, 'कोरी जमीन'. बोअरचं मशीन लावलं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम लागायला हवा होता. पाइप वर आला तो घाण वास घेऊन, आणि त्याच्या तोंडाला निळ्या प्लास्टिकची चिंधी.

ठेकेदाराचा इंजिनिअर पुढे झाला. "सर, थोडं तिकडे सरकून घ्या ना. तिकडची माती चांगली आहे."

चष्मा माझ्या हातात आला.

"सरकी घेऊ? जमीन काय चादर शे का, जठे फाटनी तठून गुंडाळी घ्यावाले? बुजी दिधं म्हणजे गयं का?"

सरांनी जेसीबी मागवला आणि खड्डा घेतला. जेसीबीच्या दातांना लागून सलाइनच्या बाटल्या आल्या, औषधांची पाकिटं, फुटके कमोड, टायर, पाडलेल्या घरांच्या विटा. तळाशी काळं पाणी साचायला लागलं, आणि उतार होता शेजारच्या शेताकडे. कोणी पुरलं, कधी पुरलं, विचारलं तर सगळे आभाळाकडे बघत. कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.

गर्दी बघून शेजारच्या शेतातून सोजाबाई आल्या. वय झालेलं, एकट्याच राहायच्या. पोरं उन्हात उभी आहेत म्हणून कळशी आणि तांब्या घेऊन आल्या होत्या. तांब्या माझ्या ओठांशी गेला आणि सरांनी तो हिसकावून मातीत ओतला.

सोजाबाईंनी कळशी दाणकन खाली ठेवली. "पाणी काब्र फेकस रे मेल्या? मन्हा सासरानी खोदेल विहीर शे ती!"

"विहीर तुन्ही शे, माय, पण पाणी आते तुन्हं नही ऱ्हायनं! जहर शे ते!"

"इतला साल पी ऱ्हायनू, मरनू का मी?"

"मरीसन मंग सांगशी का?"

दोघं मजुरांसमोर कडाकडा भांडले. शेवटी सरांनी त्याच तांब्याने विहिरीच्या पाण्याचा नमुना भरला आणि म्हातारी शिव्या देत घरी गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीत पिण्याच्या पाण्याचा मोठा जार दिसला. मी कुणासाठी म्हणून विचारलं, तर सर माझ्यावरच खेकसले.

पाणी तपासून आलं. पिणं तर सोडाच, गुरांनाही देऊ नये असं. मग प्रकल्पाचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. इंजिनिअर गोड आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही मातीचा रिपोर्ट द्या. कचऱ्याचं कोणी विचारलंय?"

मी हात पुढे केला, पण सरांनी चष्मा दिला नाही. पहिल्यांदाच. ते ओरडलेही नाहीत. उठून त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पिशवीतून खड्ड्यातल्या पाण्याची बरणी काढली आणि झाकण उघडून टेबलावर ठेवली. मग दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आता बोला," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "मी ऐकतो."

साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ते झाकण लावा आधी!" सर हलले नाहीत. आधी सगळं पुरलेलं उपसायचं, विहीर बंद करायची, सोजाबाईंना नळ द्यायचा आणि मगच पायाचं बघायचं, हे साहेबांनी तोंडाने कबूल केलं, कागदावर सही केली, तेव्हा झाकण लागलं. त्या ठेकेदाराने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. उपसा सुरू झाला, पण रडतखडत. दोन ट्रक भरायचे आणि थांबायचे. दर वेळी सर जाऊन आरडाओरडा करत, मग पुढचे दोन भरत. सहीच्या कागदाला कोणी विचारत नाही, ओरडणाऱ्याला घाबरतात. याचा मला अजून संताप येतो.

उन्हाळा लागला. एका दुपारी ब्राह्मणपुरीच्या कामावर आमचं मशीन बंद पडलं आणि सर फोन उचलेनात. सोजाबाईंच्या नळाला पाणी सुटणार होतं, तिथेच कुणावर तरी ओरडत असतील म्हणून मी गेले.

अंगणात नळ चालू होता, खाली बादली भरत होती. निंबाखाली खाटेवर सर झोपले होते. बूट काढून, हात उशाला, तोंड थोडं उघडं. शेजारी भाकरीची रिकामी ताटली. सोजाबाई पदराने त्यांच्यावरच्या माश्या वारत होत्या.

मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"धीरे, बेटी. आतेच डोळा लागना. रोज येस, मन्हासंगे भांडस, भाकर खास नि पडी ऱ्हास." मग आणखी हळू म्हणाल्या, "बायको मरी गई तवपासून घरमा झोप येत नही म्हणे त्याले. तठे रागे भराले बी कोणी नही."

माझा फोन वाजला. ब्राह्मणपुरीहून होता. मी तो बंद केला, बादली बाजूला घेतली आणि आवाज न करता नळ बंद केला.