कार्डातील तसबिरी सोडविल्याची हकिकत

श्री. स्वामी साईराज बाबासाहेब, मुक्काम पाळणा, तिसरा मजला, नवघर, भाईंदर पूर्व, यांचे चिमुकले पायांशी सेवकाचा दंडवत. स्वामी वयाने लहान, मान नुकती धरू लागले, वाचावयाची विद्या अद्याप हस्तगत नाही, म्हणोन हुकूम शब्दाने न होता हुंकाराने जाहला की, आमच्या पहिल्या तिमाहीच्या तसबिरी कैशा गेल्या आणि कैशा परत आल्या, ते वर्तमान यथातथ्य लिहून ठेवावे. हुंकाराचा अर्थ दूध ऐसाही होऊ शकतो, परंतु दूध नुकतेच जाहले होते, सबब दुसराच अर्थ निश्चित धरून, स्वामी निद्रिस्त असतील तितका अवकाश साधून लेखणी चालविली. वाक्य मध्येच तुटलेले आढळेल तेथे स्वामी जागे जाहले ऐसे समजावे.

शके १९२९, सर्वजितनाम संवत्सर, माघ मास. ते काळी भाईंदर मुलुखात घरोघर मोबाईल शिरला होता, परंतु कॅमेऱ्याचा मोबाईल क्वचित. आपले पिताश्री राजश्री नीलेशराव यांनी दिवाळीच्या बोनसातून ऐसा एक खरेदी करोन घरात ठेविला, आणि त्याचे पोटात नखाएवढे काळे कार्ड, आणि त्या कार्डात खजिना. खजिना कोणता म्हणाल, तर स्वामींच्या तसबिरी. आणि त्या तसबिरी चोरीच्या.

चोरीच्या येणेप्रमाणे. आपल्या आजी मातोश्री मनोरमाबाईसाहेब, मूळच्या रत्नागिरी प्रांतीच्या, पाळण्याच्या दरबारात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी बारशाच्या दिवशीच भर सभेत फर्मान काढिले की, "जावळ होईस्तो पोराचा फोटो काढायचा नाही. नजर लागते. कोणी काढला तर माझ्याशी गाठ आहे." सभेने माना डोलाविल्या. आपल्या मातोश्री सौभाग्यवती संजनाबाईसाहेब यांनीही डोलाविली, आणि दुसरेच दिवशी फर्मान मोडिले.

मोडावयास कारण जबर होते. बाईसाहेबांची चाकरी मालाडच्या कचेरीत, बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची, ती सरताच माघातल्या एका सोमवारी रुजू होणे प्राप्त. स्वामी तर रोज निराळे दिसत. सकाळचे तोंड संध्याकाळी राहत नसे. मग आजीसाहेब देवळास गेल्या की बाईसाहेब मोबाईल उचलीत आणि जांभई टिपून घेत, आजीसाहेब भाजीस गेल्या की मुठी टिपीत, आजीसाहेब गच्चीवर पापड पाहावयास गेल्या की झोपेतले हसू टिपीत, आणि प्रत्येक तसबिरीमागे स्वामींवरून मीठमोहरी उतरवून टाकीत, कारण नजरेवर त्यांचाही विश्वास नाही ऐसे छातीठोक सांगवत नाही. मनसुबा इतकाच की, सोमवारापूर्वी स्टुडिओतून कागदावर उतरवून घ्याव्या आणि एक कचेरीच्या खणात चिकटवावी, म्हणजे दुपारी डबा उघडतेवेळी दर्शन घडेल.

तो त्याआधीच्या मंगळवारी प्रलय जाहला.

आजीसाहेबांसही त्या सोमवाराचीच चिंता लागली होती. आई कामावर गेली की लेकरू टाहो फोडील, त्यास निजवावे कशाने, ऐसा विचार करोन त्या मोबाईल पदराखाली घेऊन केबिन रोडास गेल्या. तेथे गुणवंतभाई म्हणोन दुकानदार, मोबाईलात गाणी भरोन देण्यात नामांकित. गुणवंतभाईंनी कार्ड यंत्रास लावून अर्ज केला की, "मासी, कार्ड फुल छे. अंदर का सब उडा दूं?" आजीसाहेबांनी विचार केला की, आत तसबिरी असणे शक्य नाही, आपलाच हुकूम आहे, तेव्हा असतील नीलेशची जुनी गाणी. मग आज्ञा जाहली, "उडव रे बाबा सगळं, आणि पाळणे भर." येणेप्रमाणे फर्मान काढणारानेच फर्मानावर विसंबून खजिना लुटविला, आणि लुटविणारास खबर नाही.

घरी येऊन आजीसाहेबांनी मोठ्या हौसेने पाळणा लाविला. बाईसाहेबांनी मोबाईल हाती घेऊन पाहिले तो तसबिरींचे जागी शून्य. ऐसा प्रसंग वैऱ्यावर न येवो. ओरडावे तर चोरी उघड होते, रडावे तर कारण पुसतील. मग इतकेच बोलिल्या की, "छान आहेत पाळणे, आई." आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरीत बसल्या. त्या दिवशी भाजी दोडक्याची होती, तीत कांदा पडत नाही.

नीलेशराव कचेरीहून येताच स्वयंपाकघरात मसलत बसली. कुकरच्या शिट्ट्या चालू ठेविल्या, जेणेकरून बाहेर शब्द जाऊ नये.

नीलेशराव म्हणाले, "डिलीट म्हणजे डिलीट, संजू. नवीन काढू की. तो काय पळून जातोय?"

"नवीन काढशील रे. पहिल्या महिन्यातला कुठून आणशील? त्याला तेव्हा भुवया नव्हत्या, नीलेश. आता आल्यात."

कुकर आपोआप निवाला तरी दोघे तैसेच उभे होते. मग रावांनी कचेरीतील एका जाणत्या स्नेह्यास विचारतो ऐसे वचन दिले, आणि दुसरे दिवशी स्नेह्याने सांगितले ते ऐसे की, पुसलेले लगोलग मरत नाही, संगणकात एक विद्या आहे, ती पुसलेले हुडकून आणिते.

तेव्हा बाईसाहेब मेथी आणावयाचे निमित्ताने स्वामींस खांद्यावर घेऊन स्वतः वकिलातीस केबिन रोडास गेल्या. गुणवंतभाई हवालदिल जाहले आणि गळ्यास हात लावून शपथा वाहू लागले. "बेन, मासी ने खुद बोला उडा दो! मेरे को क्या मालूम अंदर बाबा है!" मग स्वामींनी त्यांचे बोट धरिले, त्यायोगे शांत होऊन मर्माची गोष्ट सांगते जाहले. "अभी पूरा गया नहीं है. घर का पाटी निकाल दिया, आदमी अंदर बैठा है. पण नवा गाना मत डालना हां. गाना ऊपर बैठेगा तो फोटो दब के मर जाएगा. जितना बैठ गया, बैठ गया."

इकडे घरी आजीसाहेबांनी जाहीर केले की, उद्या पुन्हा गुणवंताकडे जाणार, एवढे पाळणे पुरत नाहीत, पोराचा एक डोळा मिटतो तो गाणी संपतात. हे ऐकताच बाईसाहेबांचे हातातील मेथीची जुडी गळाली. आणखी पाळणे म्हणजे आणखी मुडदे. मग तातडीने गुणवंतभाईंकडून त्याच गाण्यांचे दुसरे कार्ड तयार करविले, आणि सायंकाळी आजीसाहेब देवापाशी दिवा लावीत असता बाईसाहेबांनी मोबाईलाचे पाठीवरील झाकण काढिले. झाकण निबर, नख तुटले, वेदना गिळली, आणि जुने कार्ड काढून नवे बसविले, आणि जुने कुंकवाच्या करंड्यात लपविले. फत्ते व्हावयाची, इतक्यात नव्या कार्डात कोठून तरी लग्नातले ढोलाचे गाणे शिरले होते, पाळणा लावून पाहताच तेच अव्वल वाजले. आजीसाहेब निरांजन हाती घेऊन थबकल्या. "गुणवंत्यानं भेसळ केली बघ. दुधात पाणी घालतात तसं." स्वामी मात्र त्याच ढोलावर निजले, हे लिहिणे भाग आहे.

शनिवारी मोहीम निघाली. डॉक्टरांकडे वजन करावयास जातो ऐसे सांगून राव, बाईसाहेब आणि स्वामी रिक्षाने जेसल पार्कास पोहोचले. तेथे नीलमताई म्हणोन बाई सायबर कॅफे चालवीत. त्यांचा शिरस्ता कडक, चपला बाहेर काढल्याविना आत प्रवेश नाही. यंत्रासमोर नीलेशराव बसले, कारण घरात संगणकाचे जाणकार म्हणोन त्यांचा लौकिक. कार्ड लाविताच यंत्राने पृच्छा केली की, हे कार्ड नव्याने साफ करू काय? आणि राव सवयीने होकाराची कळ दाबणार, तो बाईसाहेबांनी वाघिणीप्रमाणे झडप घालून मनगट धरिले.

"तुझ्या बोटाला जरा सुट्टी दे. बाळाला धर."

राव स्थानभ्रष्ट होऊन स्वामींस सांभाळू लागले आणि बाईसाहेबांनी सूत्रे घेतली. विद्या चालू केली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. स्वामींस भूक लागली, मग एका हाताने ओढणी सावरून दूध देणे आणि दुसऱ्या हाताने संगणकाचा उंदीर धरणे ऐसे दुहेरी युद्ध चालले. नीलमताईंनी दुरून पुसले, "अजून एक तास वाढवू का? बाळाचं वेगळं लावत नाही, घाबरू नका." आणि पट्टी निम्म्यावर आली, आणि एक चौकोन उमटला, आणि त्यात जांभई.

"आला!" ऐसी बाईसाहेबांची आरोळी उठली. शेजारचे लोक माना वळवून पाहू लागले. आणि मग मुठी आल्या, आणि मग उभे राहिलेले केस, आणि मग भुवया नसलेले ते पहिल्या महिन्याचे तोंड, आणि बाईसाहेबांनी पडद्यास बोट लाविले आणि पुष्कळ वेळ काढि

जागे जाहले होते. पुढे.

काढिले नाही. यंत्राने सगळे त्याच कार्डात ठेवू काय ऐसे पुसले, तेव्हा गुणवंतभाईंचे वचन स्मरून नकार दिला आणि यंत्राचे पोटात ठेविले. आता सीडीवर उतरविणे तेवढे उरले.

परंतु घरी आजीसाहेबांस बिछान्यावर स्वामींची कानटोपी राहिलेली दिसली. लेकरू वाऱ्यात उघड्या कानांनी गेले, हे सहन न होऊन त्या टोपी घेऊन जेसल पार्कास डॉक्टरांकडे धावल्या. तेथे कोणी नाही. काळजीने घाबऱ्या होऊन परत येता वाटेत एका दारापुढे आपल्या पुत्राच्या आणि सुनेच्या चपला ओळखिल्या. क्रोध अनावर होता, तथापि स्वतःच्याही चपला काढिल्या, जोडीने लाविल्या, आणि मग आत शिरल्या.

"काय भरलं वजन?"

"वाढलंय," नीलेशराव न कळत बोलून गेले.

आजीसाहेबांची नजर पडद्यावर गेली. हातभर रुंदीचे नातवाचे मुख त्यांजकडे पाहून जांभई देत होते. बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या आणि सर्व कबूल केले. फर्मान मोडिल्याचे, कार्ड पुसले गेल्याचे, कार्ड बदलल्याचे, आणि शेवटी म्हणाल्या, "आई, तुम्ही म्हणालात तर जावळापर्यंत कोणाला दाखवणार नाही. पण पुसा नका म्हणू. मला सोमवारी जायचंय."

आजीसाहेब खुर्ची ओढून बसल्या. प्रथम स्वामींस टोपी घातली, आणि मग पुढे दाखव ऐसी बोटाने खूण केली. एकामागून एक तसबिरी सरकू लागल्या. तोफेची वात जळत आहे आणि आवाज होत नाही, ऐसा तो समय.

"ह्यात मी कुठाय?"

"आई, तू तेव्हा देवळात गेलेलीस," राव म्हणाले.

"आणि ह्यात?"

"भाजी आणायला."

"ह्यात?"

"गच्चीवर. पापड."

"म्हणजे मी घरात असतच नाही! रोज न्हाऊ घालते, पाठ धरलीये माझी. उद्या हा मोठा होऊन बघेल. म्हणेल, आजी तेव्हा होती का मेलेली?"

फर्मानामुळे तसबिरी चोरीच्या, आणि चोरी व्हावयाची ती आजीसाहेबांचे पाठीमागे, तेव्हा स्वामींच्या आरंभीच्या राज्यकारभारात आजीसाहेबांचा कोठे मागमूस नाही. आपल्या हुकुमाने आपणच हद्दपार. हे त्यांचे त्यांसच उमगले आणि त्यांनी डोळ्यांस पदर लाविला.

तेव्हा बाईसाहेबांनी उंदीर हलवून सर्वांत शेवटची तसबीर पुढे आणिली. ती एके सकाळी दाराआडून, जिवावर उदार होऊन काढिलेली. आजीसाहेब न्हाणीत पाय लांब करून बसल्या आहेत, केसांची बट सुटली आहे, खाली वाकून, पडलेला दात दिसेल इतके तोंड उघडून हसत आहेत. परंतु तसबीर निम्मीच वाचली. गळ्याखाली सर्व करडे, पुसल्या पाटीसारखे. पायांवर जे होते त्यावर पाळणा चढून बसला होता.

आजीसाहेब खुर्ची पडद्याजवळ सरकवून पाहू लागल्या. ऐसे हसताना त्यांनी स्वतःस कधी पाहिले नव्हते.

"हे खालचं नाही येणार, आई," बाईसाहेब हळूच म्हणाल्या. "गाणं बसलंय त्याच्यावर."

"राहू दे. मला माहितीये ना खाली कोण आहे." मग नाक पुसून आज्ञा जाहली, "ह्याचा पण कागद काढा."

तेथेच तह जाहला. कलमे येणेप्रमाणे ठरली की, जावळाचे फर्मान रद्द. गालबोट लाविल्याविना कोणी मोबाईल उचलू नये. आणि यापुढे आजीसाहेब घरात असतानाच तसबीर काढावी. नीलमताईंनी सीडी भरून दिली आणि आपल्या पर्समधील काजळाची डबी पुढे केली. तहाचे पहिले काजळ तेथेच लागले.

सोमवारी बाईसाहेब कचेरीत रुजू जाहल्या. स्टुडिओतून तसबिरी सुरेख आल्या होत्या, जांभई, मुठी, भुवया नसलेले मुख, सर्व. परंतु खणात त्यांनी चिकटविली ती निम्मीच. शेजारच्या मेजावरच्या बाईंनी डोकावून पुसले, "अगं, बाळाचा लावणार होतीस ना? ह्या तर सासूबाई."

"बाळाचाच आहे," बाईसाहेब म्हणाल्या, आणि डबा उघडिला.

येणेप्रमाणे कार्डाची मोहीम फत्ते जाहली. स्वामी, पुढे वयात येऊन आपण ती तसबीर पाहाल आणि आजीसाहेब कोणाकडे पाहून हसताहेत ऐसा प्रश्न कराल. तरी ही बखर साक्ष ठेविली आहे की, त्या करड्या भागाखाली, तेलाने माखलेले, टाळू भरलेले, दोन्ही मुठी वळलेले, आपणच होता.